अंगठ्याखालचे धवले

बहिणीच्या घरच्या कोठीत कांद्याच्या गोणीवर बसलेला आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने मोबाईलचं बूड दाबून धरलेला माणूस तुम्ही त्या दुपारी पाहिला असता, तर याला घरच्यांनी कसली तरी शिक्षा केली असावी, असंच तुम्हाला वाटलं असतं. तो मी. बाहेर मांडव, मांडवात सगळा गाव, आणि नवरीचा सख्खा मामा आत कांद्यांवर. शिक्षा मात्र कुणी केलेली नव्हती. ती मी स्वतःच मागून घेतली होती, महिनाभर आधी, याच घरात चहा पिता पिता. "दोन मिनिटांचं काम आहे गो," असं म्हणून.

काम होतं आत्याच्या धवल्यांचं.

आमच्या मुरबाडकडच्या गावात आत्या धवलारीण. लग्नातला एकेक विधी गाण्यातून पुढे नेणारी बाई म्हणजे धवलारीण. पाट मांडला की पाटाचा धवला, हळद दळायला घेतली की जात्याचा, नवरीच्या अंगाला पहिलं बोट लागलं की हळदीचा. भटजी उशिरा आला तरी आमच्याकडे कुणी कासावीस होत नाही, पण आत्या उशिरा आली की हळद वाट बघत बसते. घराण्यातल्या प्रत्येकाला तिच्याच गळ्यातून हळद लागलेली. आणि गेल्या वर्षी त्या गळ्याचंच ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ती ओठ हलवते, हातवारे करते आणि समोरच्याला कळलं नाही की त्याच्याकडे असं बघते, की आपण मठ्ठ आहोत याबद्दल त्याला शंका उरत नाही.

बहिणीची मुलगी लहानपणी दोन वर्षं आत्याकडे राहिलेली, तिच्याच मांडीवर वाढलेली. तिचं लग्न ठरलं तेव्हा बहीण म्हणाली, "बाकी काय नाय झाला तरी चालंल, पण माझ्या पोरीची हळद मुकी जायला नको."

तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "माझ्याकडे आहेत ना धवले. मोबाईलमध्ये." आणि ते खरं होतं. ऑपरेशनच्या आधी चुलतभावाच्या मुलाचं लग्न झालं, तेव्हा अख्खी हळद मी मोबाईलवर रेकॉर्ड केली होती. एकच लांबलचक फाइल. त्या सगळ्या गोतावळ्यात आत्याचा आवाज फक्त माझ्याकडे होता. साऊंडवाल्याच्या मशीनला पेनड्राइव्ह चालतो. म्हणजे मोबाईलमधून लॅपटॉपमध्ये, लॅपटॉपमधून पेनड्राइव्हमध्ये, पेनड्राइव्हमधून कर्ण्यात. मी शहापूरला राहतो, नोकरीत कॉम्प्युटरवर बसतो, त्यामुळे डोळखांबपर्यंतचे माझे सगळे नातेवाईक मला या विषयातला जाणकार समजतात. हा गैरसमज मी वर्षानुवर्षं काळजीपूर्वक जपलेला आहे.

आता त्या मोबाईलची हकीगत. नवा घेतल्यावर तो कपाटात पडला होता, पण त्याआधी त्याच्यावर एक प्रसंग गुदरला होता. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत मी गावाला गेलो असताना, शेतात काम करतो आहे असा फोटो काढण्याच्या नादात तो हातातून निसटून थेट चिखलात गेला. बाहेर काढला, पुसला. पाण्यात पडलेला मोबाईल तांदळात ठेवतात हे मला माहीत होतं. नेमके घरातले तांदूळ संपलेले, भात गिरणीवर न्यायचं राहिलेलं. मी विचार केला, तांदूळ निघतो कशातून? भातातूनच ना? मग मूळ वस्तू अधिक गुणकारी असणार! आणि मी मोबाईल कणगीतल्या भातात खोल पुरून ठेवला. दोन दिवसांनी काढला तर चालू! तोंडात साखर पडल्यासारखं झालं. फक्त स्पीकरमधून आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा आणि चार्जर घातला की तो ठरावीक कोनातच लागायचा. तो दोष मी कंपनीच्या माथी मारून मोकळा झालो.

इतकं सगळं असताना मी ते काम हळदीच्या दिवशी सकाळी करायला घेतलं. कारण महिनाभर ते दोन मिनिटांचंच होतं.

शेणव्याच्या आत बहिणीचं गाव. आम्ही पोचलो तेव्हा मांडवात खुर्च्या लागत होत्या. मुरबाडकडून नवऱ्याची माणसं उष्टी हळद घेऊन जीपने निघणार होती. ती आली की नवरीला हळद लावायची, म्हणजे ती यायच्या आत पेनड्राइव्ह तयार हवा. भाचीचा लॅपटॉप होता. त्याची बॅटरी मेलेली, त्यामुळे तो भिंतीला लावूनच चालायचा. घरातले सगळे प्लग मांडवाच्या रोषणाईने आणि मिक्सरने अडवलेले. एकच मोकळा होता, कोठीतला. मी आत जाऊन कांद्याच्या गोणीवर बसलो, समोर तेलाचा डबा, डब्यावर लॅपटॉप. केबल लावली. मोबाईल चार्ज व्हायला लागला. लॅपटॉपला मात्र त्याचा पत्ताच नाही.

भाची दारात येऊन उभी राहिली. दोन्ही हात कोपरापर्यंत ओल्या मेंदीचे, ते तिने असे पुढे धरलेले, जसे काही कुणी पिस्तूल रोखलं आहे.

"मामा, ती केबल फक्त चार्जिंगची आहे. तिच्यातून डेटा नाय जात."

"तेच म्हणतो आहे मी," मी म्हणालो. मी काहीच म्हणत नव्हतो.

मग घरभर केबलींचा पुकारा झाला. पाहुण्यांच्या पिशव्यांतून, उशांखालून, एका काकूंच्या औषधांच्या डब्यातून केबली निघाल्या. मी एकेक लावून बघितली. अखेर एक लागू पडली, म्हणजे लॅपटॉपने 'टिंग' असा आवाज केला आणि पासवर्ड मागितला.

"पासवर्ड काय गो?"

भाचीने मागच्या बायकांकडे वळून बघितलं.

"अगं सांग, जीप निघाली असेल."

ती लाजून मेंदीच्या हातांकडे बघायला लागली. दाराशी जमलेल्या बायकांपैकी एकीच्या लक्षात आलं. "होणाऱ्या नवऱ्याचा नाव टाकलाय वाटतं पोरीने!" झालं. फोडणी पडावी तसा बायकांचा आवाज उसळला. "नाव असा फुकटचा घेतात काय गो? उखाणा घे!" मी म्हणालो, "अहो, वेळ नाही." पण मंडळी ऐकतात कुठे! भाचीने मान खाली घातली आणि म्हणाली,

"हातावर मेंदी ओली, मामा बसले अडकून,
...रावांचं नाव घेते, लॅपटॉप घ्या उघडून."

नाव मी इथे लिहीत नाही, तिचा पासवर्ड अजून तोच आहे. त्या नावाने लॅपटॉप उघडला. बायका खूश. आणि आपण अडकलो आहोत हे उखाण्यातून जाहीर झाल्याचं मला मागाहून कळलं.

लॅपटॉप उघडला तरी मोबाईल रिकामाच दिसत होता. "मामा, मोबाईल अनलॉक करा. आता वरून खाली बोट ओढा. काय लिहिलंय?" मी चष्मा वर करून वाचलं, 'फक्त चार्ज करा'. "त्यावर दाबा, 'फाइल ट्रान्सफर' येईल, ते निवडा." निवडलं. एक क्षण सगळं दिसलं, फोटो, गाणी, धवल्यांची फाइलही दिसली, आणि मी विजयी मुद्रेने बायकांकडे बघतो तोच सगळं गायब. केबल हलली की संपर्क तुटायचा.

बायको दारात उभी होती. तिने बांगडीतली सेफ्टी पिन काढून माझ्या हातावर ठेवली. मोबाईल बंद करून मी त्याच्या भोकात हलक्या हाताने पिन फिरवली. आतून एक कण निघाला, मग दुसरा, मग पिवळट बारीक कुसळ.

"हे काय?" भाचीने विचारलं.

"भाताचं तूस," बायको म्हणाली. "तुझ्या मामांनी मोबाईल पेरला होता. उगवला नाय, नशीब."

बरंचसं तूस निघालं, पण आतलं काहीतरी कायमचं वाकलं होतं. मोबाईल सुरू केला, पुन्हा 'फाइल ट्रान्सफर' निवडलं. आता केबल अंगठ्याने डावीकडे आणि किंचित वर दाबून धरली तर संपर्क राहायचा. अंगठा सैल पडला की गेला. मी दाबून धरली, डाव्या हाताने फाइल लॅपटॉपवर ओढली, आणि हिरवी पट्टी सरकायला लागली. मुंगीच्या चालीने.

इथून माझा कारावास सुरू झाला.

जेवण शिजवणाऱ्या बायकांनी पहिल्यांदा भाताची पातेली आणून दारात ठेवली, कारण कोठीचं दार हीच त्यांना एकमेव सावलीची जागा दिसली. त्यावर परातींची चळत. मग वांग्यांची टोपली. आता मला उठता आलं असतं तरी बाहेर पडता आलं नसतं. नाकाची शेंडी खाजायला लागली ती डाव्या हाताने खाजवली, तर लॅपटॉप घसरला, तो गुडघ्याने सावरला. अंगठा तेवढा जागचा हलू दिला नाही.

दर थोड्या वेळाने परातींच्या वरून एकेक तोंड दिसायचं.

"झाला का रे तुझा काम?"

"होतंय."

"व्हॉट्सॲपवर पाठव ना सरळ."

"एवढी मोठी फाइल जात नाही. आणि इथे नेट कुठे चालतं?"

"मग ब्लूटूथ कर."

"करून बघितलं. उद्या वरातीपर्यंत होईल."

"मग कार्ड काढून टाक."

"त्यात कार्ड नाही."

"मग काय कामाचा असला मोबाईल!" असं म्हणून तोंड अदृश्य व्हायचं.

साऊंडवाला वेगळाच. त्याच्या हातात माईक, आणि माईक हातात आला की माणसाला गावभर बोलायची इच्छा होते. "नवरीचे मामा, नवरीचे मामा, पेनड्राइव्ह घेऊन मशीनजवळ यावे." थोड्या वेळाने, "मामा, किती वेळ? पब्लिक वाट बघतेय." मग त्याने एक धांगडधिंगा गाणं लावलं आणि त्याच्या ठोक्यांनी कोठीतली फळी हलायला लागली. मी दुसरा हातही केबलवर ठेवला.

तेवढ्यात बातमी आली. "सरळगाव सोडली त्यांनी!" मेहुण्याला फोन आला होता.

हिरवी पट्टी निम्म्यावर. आणि नेमका तेव्हा मला आठवला तो मधला भाग.

झालं होतं असं. त्या चुलतभावाकडच्या हळदीत मी रेकॉर्डिंग करत होतो ते नुसतं नाही, दिग्दर्शकासारखं. "आत्ये, जरा मोठ्याने," "आत्ये, इकडे तोंड कर," "तो पंखा बंद करा रे." आणि हळदीचा पहिला धवला संपल्यावर मी तिला म्हणालो होतो, "आत्ये, पुन्हा एकदा म्हण ना, मागे कुणीतरी खोकलं." त्यावर ती गाणं थांबवून, मोबाईलच्या अगदी जवळ येऊन, भरल्या मांडवात मला जे बोलली होती, ते सगळं या फाइलमध्ये होतं. त्यात माझ्या स्वतःच्या हळदीची हकीगत होती. डोळ्यात हळद गेली म्हणून मी पाटावरून उठून पळालो होतो, पार विहिरीपर्यंत, आणि चौघींनी धरून मला परत आणलं होतं. बायको चुलतभावाकडच्या त्या लग्नाला नव्हती, आणि तिला मी आजवर सांगत आलो होतो की हळदीच्या दिवशी मी मंडपाची व्यवस्था बघायला गेलो होतो. आणि आता जीपमधून येत होते नवऱ्याचे मामा, काका, त्यांच्याशी मी सकाळपासून फोनवर 'बघा, आमच्याकडे सगळं शिस्तीत असतं' असं बोललेलो.

फाइल आली तर माझी शोभा. नाही आली तर भाचीची हळद मुकी. तो भाग कापायचा म्हटलं तर त्यासाठी दोन हात लागतात, आणि माझा एक हात तुरुंगात.

आता खरं सांगतो. अंगठा घसरला. म्हणजे मी तो घसरू दिला. अगदी थोडासा, झोप लागल्यावर सुटतो तेवढा. 'टिंग' झालं, पट्टी गेली. "अरेरे!" मी मोठ्याने म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

परातींच्या वरून पाहिलं तर आत्या. ती केव्हा येऊन उभी राहिली होती, देव जाणे. तिने वांग्यांची टोपली बाजूला सारली, पराती ढकलल्या, पातेल्यांच्या मधून लुगडं सावरत आत आली आणि माझ्यासमोर तांदळाच्या पोत्यावर बसली. नुसतं बघितलं. मग माझा उजवा हात ओढला, केबल मोबाईलमध्ये घातली, माझा अंगठा उचलून नेमक्या जागी ठेवला आणि त्यावर स्वतःचा अंगठा दाबला. तिचा अंगठा म्हणजे भाताची रोपं उपटून उपटून लोखंड झालेला. माझं नख पांढरं पडलं.

"आत्ये, दुखतंय."

तिने अजून जोराने दाबलं.

डाव्या हाताने मी फाइल पुन्हा ओढली. पट्टी पहिल्यापासून सुरू झाली. आम्ही दोघं समोरासमोर, तिच्या हाताखाली माझा हात, आणि हाताखाली तिचाच आवाज इंचाइंचाने लॅपटॉपमध्ये जात होता. तिला ते आठवत असेल का, माझ्यावर ओरडलेलं? मी तिच्या तोंडाकडे बघून अंदाज घ्यायचा प्रयत्न केला. पट्टीवरून तिची नजर हलत नव्हती.

"किन्हवली आली!" बाहेरून आरोळी.

"आत्ये, मध्ये थोडं बोलणं पण आहे त्याच्यात," मी हळूच म्हणालो. "मी नंतर ते काढून टाकीन हं. कर्ण्यावर लावायच्या आधी काढलेलं बरं."

तिने मान हलवली. नाही.

म्हणजे आठवत होतं.

जीपचा हॉर्न वाजला आणि पट्टी भरली, दोन्ही एकदमच. मी फाइल पेनड्राइव्हवर उतरवताच भाची मेंदीचे हात विसरून तो घ्यायला धावली आणि लॅपटॉपच्या झाकणावर चार बोटं उमटवून गेली. ती अजून आहेत. बायकांनी पातेली हलवली, मी कोठीतून बाहेर आलो तेव्हा दोन्ही पायांना मुंग्या आलेल्या, एखाद्या म्हाताऱ्यासारखा भिंत धरून. नवऱ्याचे मामा समोरून येत होते. मी ताठ होऊन नमस्कार केला. अंगठा मात्र वाकडाच राहिला होता.

भाची पाटावर बसली. उष्टी हळद आली. आत्याने पहिलं बोट बुडवलं, आणि कर्ण्यातून आत्याचा आवाज आला.

मांडवातली माणसं पाटाकडे सरकली. तो आवाज ज्यांनी शेकडो वेळा ऐकला होता तेसुद्धा. बहीण पदर तोंडाला लावून उभी. आत्या हळद लावत होती आणि तिचे ओठ त्या गाण्याबरोबर हलत होते. एके ठिकाणी कर्ण्यातली आत्या श्वास घ्यायला थांबली, तर पाटाजवळच्या आत्यानेही तिथेच श्वास घेतला.

धवला संपला. मी मांडवाच्या खांबामागे सरकलो.

"आत्ये, पुन्हा एकदा म्हण ना, मागे कुणीतरी खोकलं," कर्ण्यातून माझा आवाज. लाडिक. भयंकर.

आणि मग ती. "पुन्हा? हळद काय पुन्हा पुन्हा लावाची असते काय रे मेल्या? मोबाईल घेतलास म्हणून मला शिकवतोस! तुझ्या हळदीला डोळ्यात थेंब गेला तवा पाटावरून पळाला होता तू, विहिरीवर जाऊन रडत बसला होता, चौघींनी धरून आणला तुला आमी, धोतर पण धड नव्हता नेसलेला! आता मूग गिळून बस!"

धोतराचं मी विसरलो होतो.

मांडव फुटला. नवऱ्याचे मामा खुर्चीला धरून हसत होते. बायकोने गर्दीतून मला शोधून काढलं आणि भुवया वर करून नुसतं विचारलं, 'मंडपाची व्यवस्था?' साऊंडवाला माईकवरून म्हणाला, "मामा, ते मधलं कापू का?" आणि मी "हो, हो" म्हणत हात हलवायच्या आत आत्याने हळदीने माखलेलं बोट त्याच्यावर रोखलं. त्याचा हात बटणावरून खाली आला.

कर्ण्यातून पुढचा धवला सुरू झाला. बायका हसत हसतच हळद लावायला सरसावल्या. आत्या आवाज न करता हसत होती, खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. भाचीने ते पाहिलं आणि पाटावर बसल्या बसल्या तिच्या गुडघ्याला डोकं टेकलं.

हळद आटोपली, जेवणाच्या पंगती बसायला लागल्या, तेव्हा बहीण माझ्याकडे आली. मला वाटलं, धवल्यांसाठी चार चांगले शब्द बोलणार. ती म्हणाली, "अजून हाय का रे त्याच्यात, हिचा असा बोलणा?"

"असेल की. फाइल लांब आहे. अर्धी अजून वाजायची आहे, त्यातही ती मधून मधून मलाच ओरडते आहे."

"मग लावायला सांग," ती म्हणाली. "गाणी नको आता. तेच लाव."

आत्या खुर्ची ओढून कर्ण्याच्या अगदी पुढ्यात जाऊन बसली होती.